बेळगावच्या दवाखान्यांत म्हाताऱ्या माणसांची देखभाल: डॉक्टर उत्तम, रात्रपाळी कच्ची

हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायू, मोडलेला खुबा, निकामी होत चाललेली किडनी, या सगळ्यांवर बेळगावात उपचार मिळतात आणि चांगले मिळतात. म्हणून तर खानापूर, निपाणी, चिकोडी, बैलहोंगलच्या जोडीला चंदगडकडची माणसंही कोल्हापूरऐवजी इकडे येतात. तरीही सत्तरीपुढचा पेशंट घरी परतला की नातेवाइकांकडे तक्रारींची एक यादी असते आणि ती दरवेळी जवळपास सारखीच असते. पाठीला जखम झाली, आज्जी भ्रमिष्टासारखी बोलायला लागली, हात बांधून ठेवले, साखर उतरली तरी कुणी फिरकलं नाही, डिस्चार्जला हातात नुसता कागद दिला. यातली एकही तक्रार ऑपरेशनबद्दल नाही. सगळ्या वॉर्डातल्या आहेत, आणि बहुतेक रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेतल्या.

हे परीक्षण शहरातल्या मोठ्या खाजगी दवाखान्यांचे जनरल व सेमी-स्पेशल वॉर्ड आणि सरकारी वॉर्ड यांचं मिळून आहे. कुठल्या एका दवाखान्याचं नाव घेतलेलं नाही, कारण दोष सगळीकडे एकाच जागी सापडतो. तिथे बोट ठेवता आलं तर तक्रारीला वजन येतं.

आधी मनुष्यबळ. भारतीय नर्सिंग परिषदेचा जनरल वॉर्डासाठीचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतरत्र पाच पेशंटमागे एक परिचारिका असा आहे. रात्री बाराला वॉर्डात उभं राहून बेड आणि सिस्टर मोजून बघा. एक सिस्टर, एक शिकाऊ मुलगी आणि मजल्याला एक आया एवढ्या बळावर जड पेशंटची कूस बदलणं, लघवीचं माप, सलाईन, इंजेक्शनं आणि नवीन ऍडमिशन हे सारं ओढायचं असतं. त्या मुली मर मर मरतात. त्यांच्यावर आवाज चढवून काहीही हाती लागत नाही, व्यवस्थापनाला मात्र प्रश्न विचारलाच पाहिजे. ऍडमिशनच्या वेळी खोलीत एसी आहे का हे सगळे विचारतात. रात्री या वॉर्डात बेड किती आणि सिस्टर किती, हे विचारा. आणि पेशंट उठू शकत नसेल तर कॉरिडॉरच्या टोकाची स्पेशल रूम घेऊ नका. नर्सिंग काउंटरसमोरचा जनरल वॉर्डातला बेड त्याच्यासाठी जास्त सुरक्षित असतो, कारण तो येता-जाता नजरेला पडतो. स्पेशलचे पैसे एकांताचे असतात, जादा देखभालीचे क्वचितच.

पाठीची जखम

बेडसोअर होणं न होणं ही वॉर्डाची खरी परीक्षा. पेशंट स्वतः कूस बदलू शकत नसेल तर दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, हे नर्सिंगच्या पहिल्या धड्यांपैकी एक. त्यासाठी फाइलमध्ये तक्ता असतो: वेळ, डावी, उजवी, पाठ, सही. तो वाचायला शिकावं. दहा, बारा, दोन, चार, सहा अशा ठोक्यावर पडलेल्या नोंदी, एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या अक्षरात, सह्यासुद्धा एका दमात ओढल्यासारख्या, असा कागद दिसला तर तो पहाटे एका बैठकीत भरलेला असण्याचा संभव फार. प्रत्यक्ष काम करता करता भरलेल्या तक्त्यात वेळा वाकड्यातिकड्या असतात, दहा वीस, बारा पस्तीस. मध्येच ‘एक्स-रेला नेले’ असं लिहिलेलं असतं. पाळी बदलली की अक्षर बदलतं. उशीवरूनही कळतं. तक्त्यात ‘डावी कूस’ लिहिलंय आणि पाठीमागे टेकायला लावलेली उशी कपाटावर घडी घालून ठेवलेली, तर कूस बदललेली नाही.

सुरुवात ओळखण्याची खूण साधी आहे. लाल डाग बोटाने दाबून सोडला की निरोगी कातडी क्षणभर पांढरी पडते. दाबूनही तो लालच राहिला तर पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा काळपट लागते. माकडहाड, टाचा, खुब्याचं बाहेरचं हाड, घोटे, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू रोज बघावी. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागेही. खुब्याच्या पेशंटला टाचांचा धोका विशेष, कारण दुखऱ्या पायाची हालचालच थांबलेली असते. उशी पोटरीखाली द्यायची म्हणजे टाच अधांतरी राहते. टाचेखालीच उशी देणं चूक.

कूस म्हणजे पेशंटला पूर्ण आडवा करून खुब्यावर निजवणं नव्हे. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कललेला ठेवला की भार मांसल भागावर येतो. वर सरकवताना चादरीला दोघांनी धरून उचलायचं, काखेत हात घालून ओढायचं नाही. ओढल्याने आतली कातडी फाटते आणि दोन-तीन दिवसांनी वर जखम दिसते. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट आणि पावडर चोळण्याची जुनी रीत काही वॉर्डांत अजून चालते. ती थांबवायला सांगा. हाडावरच्या नाजूक कातडीला चोळल्याने इजाच वाढते. टायरसारखी रबरी रिंगही नको, तिच्या कडेवर भार येऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो.

एअर बेडचं (पंपाने हवा भरत राहणाऱ्या गादीचं) भाडं बिलात रोज लागतं, मग तो चालू आहे की नाही हे रोज तपासायला काय हरकत आहे? तळवा वर करून हात गादीखाली, माकडहाडाच्या रेषेत सरकवावा. मध्ये बोटभर हवेचा आधार लागला पाहिजे. पेशंटचं हाड हाताला टेकलं तर गादी निरुपयोगी आहे. कारणं ठरलेली: पंपावरची वजनाची चकती चुकीच्या जागी, नळीला बेडच्या कडेत मुरड पडलेली, किंवा मोबाइल चार्ज करायला कुणीतरी पंपाचा प्लग काढलेला. हे शेवटचं कारण सर्रास आढळतं, आणि तो प्लग काढणारा बहुतेकदा घरचाच असतो. गादीवर मेणकापड, त्यावर दुपटं, त्यावर चौघडी चादर असं थर घातलं तरीही गादीचा उपयोग संपतो. एक चादर, सैल. आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं माफ होत नाही. वॉर्डातून हेच उत्तर सर्वांत जास्त मिळतं आणि ते चुकीचं आहे.

गोंधळलेला पेशंट

शहाणासुरता म्हातारा ऍडमिट झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी असंबद्ध बोलायला लागतो, सलाईन ओढतो, गेलेल्या माणसांना हाका मारतो. वॉर्डातून उत्तर येतं, ‘वयामुळे होतं’, आणि रात्री झोपेचं इंजेक्शन दिलं जातं. आमच्या मते वृद्धांच्या देखभालीतली ही सर्वांत मोठी हेळसांड आहे. या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. तिच्यामागे जवळजवळ नेहमी शारीरिक कारण असतं आणि ते शोधावं लागतं. लघवी तुंबली आहे का? शौच किती दिवस झालेली नाही? फुफ्फुसात किंवा लघवीत संसर्ग? सोडियम, साखर, ऑक्सिजन? वेदना पुरेशी शमली आहे का? मग औषधांची यादी. ॲलर्जीसाठीचं एव्हिलचं इंजेक्शन, झोपेच्या गोळ्या आणि ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक यांच्याकडे आधी बघायचं. राउंडला येणाऱ्या डॉक्टरांना ‘आजोबा बडबडतात’ असं सांगितलं तर ते हसून पुढे जातील. ‘कालपर्यंत नीट होते, काल सायंकाळपासून बदललेत, सोडियम कधी बघितलं?’ असं विचारलं तर थांबतील.

आपल्या भागात आणखी एक कारण हमखास विसरलं जातं. निपाणी म्हणजे तंबाखूचा पट्टा. त्या बाजूच्या म्हाताऱ्यांची तंबाखूची चिमूट आणि आज्ज्यांची मिसरी चाळीस-पन्नास वर्षांची असते. ऍडमिट झाल्या क्षणी ती बंद होते, आणि चिडचिड, अस्वस्थता, झोप उडणं सुरू होतं. केस पेपरवर हे लिहून घ्यायला लावा. दारूचं तर लपवूच नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास, फिटसुद्धा येऊ शकतात, आणि त्याचा उपचार वेगळा असतो. पाहुण्यांसमोर लाज वाटते म्हणून ही माहिती दडवली जाते आणि पेशंटच्या जिवावर बेततं.

गप्प पडून राहणारा, हाक मारल्यावर डोळे उघडून पुन्हा मिटणारा पेशंट ‘शांत’ समजला जातो. तोही डिलिरियममध्ये असू शकतो आणि त्याच्याकडे आणखी कमी लक्ष जातं.

घरून पहिल्याच दिवशी चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी आणावी. ‘हरवेल’ म्हणून घरी ठेवलेला चष्मा हे गोंधळाचं एक मोठं कारण. कवळीच्या डबीवर नाव आणि बेड नंबर लिहावा. दिवसा खिडकीचा पडदा उघडा, शक्य तितकं बसतं करणं. रात्री दिवे मंद, टीव्ही बंद. सोबतीला आळीपाळीने सहा पाहुणे येण्यापेक्षा ओळखीच्या आवाजाचा एकच माणूस बरा.

हात बांधण्याबद्दल स्पष्ट बोलावं. त्यासाठी डॉक्टरांचा लेखी आदेश, कारण, वेळ आणि नातेवाइकांना सांगितल्याची नोंद हवी. पट्टी आणि मनगट यांत दोन बोटं जायला हवीत, बोटांचा रंग आणि ऊब वरचेवर बघायला हवी, आणि ठरावीक वेळाने सोडून हात हलवायला हवा. गाजपट्टीने कॉटच्या आडव्या सळईला बांधलेला हात, फाइलमध्ये एक ओळ नाही, हे दिसलं तर तिथल्या तिथे वेळ घालून लेखी तक्रार द्या. त्याआधी पर्याय मागा: सलाईनच्या जागेवर बँडेज गुंडाळून ती नजरेआड करणं, हाताला मऊ मोजा, गरज नसलेली नळी काढून टाकणं.

सीमाभागात यात भाषेची भर पडते. सिस्टर धारवाडकडची किंवा केरळची, आज्जी उचगावची. आज्जी रात्री दोनला ‘घेरी येते’ म्हणते, सिस्टरला ते कळत नाही, आणि आज्जी उठायला जाऊन पडते. बेडच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत दोन रांगांचा कागद चिकटवावा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड लिपीत कन्नड: पाणी आणि नीरु, दुखतं आणि नोवु, घेरी येते आणि तले सुत्तु, लघवी आणि मूत्र. एवढे शब्द पुरतात. ज्या वॉर्डात असा कागद दवाखान्यानेच लावलेला दिसेल, तो वॉर्ड चांगला म्हणायचा.

संमतीपत्राचंही तेच. कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो आणि ‘इथे सही करा’ एवढंच सांगितलं जातं. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. पेशंट शुद्धीवर आणि समजदार असेल तर सही त्याची, मुलाची नव्हे. सहीच्या वर ‘मराठीत समजावून सांगितले’ असं लिहावं. सांगितलं नसेल तर तसं लिहावं. मग मात्र कुणीतरी समजावायला येतंच. आणि तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

डबा, नळी आणि साखर

मधुमेही पेशंटला सकाळचं इन्सुलिन नाश्त्याआधी साधारण अर्धा तास द्यायचं असतं. पाळी आठला संपायची म्हणून सिस्टर सातला देऊन मोकळी होते आणि नाश्त्याची ट्रॉली नऊला येते. मधल्या वेळेत साखर उतरते. घाम, थरथर, चिडचिड, बोबडी वळणं. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या चालू असतील तर थरथर आणि धडधड दिसतही नाही. यावर उपाय कडक आहे: ट्रॉली समोर दिसल्याशिवाय इन्सुलिन घेऊ नका, आणि तसं नम्रपणे सांगा. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आलं आणि पेशंट गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, शिरेतून ग्लुकोज लागतं. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांवर असलेल्या, किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्याची साखर एकदा वर आली तरी पुन्हा पुन्हा उतरू शकते. अशा वेळी ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून डिस्चार्ज दिला तर तो घेऊ नये.

नाकातल्या नळीतून अन्न देताना पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर हवं आणि नंतरही पाऊण-एक तास तसंच राहायला हवं. नळी नवीन घातली की एक्स-रेने जागा पक्की करतात. त्यानंतर नाकपुडीपाशी नळीवरचा आकडा कुठे आहे ते लिहून ठेवावं आणि दरवेळी तोच आहे का बघावं. एका वेळी २०० ते २५० मिली, सिरिंजचा दट्ट्या काढून, नुसत्या उंचीने पंधरा-वीस मिनिटांत जाऊ द्यायचं. दट्ट्याने रेटलं की उलटी, आणि उलटी फुफ्फुसात गेली की न्यूमोनिया. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. नावापुढे एसआर किंवा एक्सएल असलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या कुटून नळीत घालू नयेत, त्यांचा सगळा डोस एकदम उतरतो. वॉर्डात सगळ्या गोळ्या एकत्र खलबत्त्यात कुटताना दिसल्या तर थांबवून फार्मासिस्टला विचारायला लावा.

घरच्या डब्यात दोष नाही, घाईत आहे. अर्धांगवायूच्या पेशंटची गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नये, पाण्याचा चमचासुद्धा नाही. पातळ पदार्थ सोपा वाटतो, पण अशा पेशंटला पातळ पेज आणि आंबील घट्ट घासापेक्षा जास्त धोक्याचं. झोपेत असलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडात ‘थोडं तरी जाऊ दे’ म्हणून पेज ओतणं वॉर्डात रोज दिसतं. त्याला पूर्ण जागं करून, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली.

लघवीच्या नळीबद्दल थोडक्यात. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. स्ट्रेचरवरून एक्स-रेला नेताना नळीचा क्लॅम्प बंद करतात आणि परत आल्यावर उघडायला विसरतात. तासाभरात पिशवीत थेंब नाही, पोट टम्म, पेशंट बेचैन. आल्या आल्या क्लॅम्प बघावा. नळीची गरज अजून आहे का, हे रोज राउंडला विचारावं. सोयीसाठी ठेवलेली नळी संसर्ग आणते.

बिल आणि डिस्चार्ज

बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या, म्हणजे योजनेने उपचाराला ठरवलेल्या खर्चाच्या, ३० टक्के, वर्षाला कुटुंबामागे दीड लाखांपर्यंत. तातडी नसेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. ते न घेता थेट खाजगीत गेल्यावर ‘योजना लागू नाही’ हे ऐकावं लागतं. चंदगडचं रेशन कार्ड महाराष्ट्राचं, त्याला कर्नाटकचा हिस्सा मिळत नाही, पण केंद्राचं आयुष्मान कार्ड यादीतल्या दवाखान्यांत राज्याबाहेरही चालतं. सत्तरीपुढच्यांसाठी केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मानचंच वय वंदना कार्ड आणलं. कोणतं कार्ड कुठल्या उपचाराला चालेल हे बिलिंगच्या खिडकीवर विचारू नका, दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला विचारा. पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, इम्प्लांट धरलेली असतात. ‘हे बाहेरून आणा’ असं सांगितलं तर चिठ्ठीवर दवाखान्याचा शिक्का मागा, मेडिकलचं बिल जपा आणि योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. शिक्का मागितल्यावर चिठ्ठी परत घेतली जाते, असंही घडतं.

खाजगी विमा असेल तर अंतिम बिल पाठवल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने मंजुरी दिली पाहिजे, हा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. दिवसभर रखडवलं जातं तेव्हा फाइल बहुतेकदा दवाखान्याच्याच टेबलावर असते. किती वाजता पाठवली ते विचारा, वेळ लिहून घ्या.

डिस्चार्ज ही सगळ्यात ढिसाळ पायरी. सायंकाळी सहाला कार्ड, सातला शेवटची बस चुकलेली, आणि म्हातारा रिक्षातून खेड्यात. कार्डावरची औषधं ब्रँडच्या नावाने लिहिलेली असतात, घरात आधीच्या डॉक्टरांच्या त्याच औषधाच्या दुसऱ्या नावाच्या गोळ्या पडलेल्या असतात, आणि म्हातारा दोन्ही घेतो. रक्त पातळ करणाऱ्या आणि ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचं असं दुप्पट होणं फार धोक्याचं. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी डिस्चार्जच्या सकाळी दवाखान्यात आणावी आणि डॉक्टरांकडून प्रत्येकीवर ‘चालू’ किंवा ‘बंद’ करून घ्यावं. वेदनाशामक किती दिवस, हे लिहूनच घ्या. ते महिनोन्महिने चालू राहून किडनी बिघडते. टाके कधी, नळी बदलायची कधी, पुढचं रक्त कधी, कुठलं लक्षण दिसलं तर थांबायचं नाही, आणि रात्री फोन कुठल्या नंबरवर करायचा, हे नसेल तर कार्ड अपुरं आहे. जखम असेल तर मोजमापासह नोंदवायला लावा. घरी गेल्यावर ‘जखम घरी झाली’ असं म्हणायला मग जागा उरत नाही.

तक्रार कशी लिहावी

‘सिस्टर लक्ष देत नाहीत’ ही तक्रार फायलीत जाऊन पडते. तिच्याऐवजी असं लिहावं: ‘१४ तारखेच्या रात्री ११ ते १५ च्या सकाळी ६ या वेळेत पेशंट पाठीवरच होता. तक्त्यावर चार वेळा कूस बदलल्याची नोंद आहे. सकाळी ६.३० ला माकडहाडावर सुमारे ३ सेंटिमीटरचा लाल डाग, दाबून पांढरा पडत नाही. ६.४० ला ड्युटी सिस्टरला दाखवला. उपाययोजना व जखमेची नोंद फाइलमध्ये करावी.’ जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, तारखेसह. आरोप नको, वेळ हवी.

क्रम असा: वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर, मग नर्सिंग सुपरिंटेंडेंट, मग मेडिकल सुपरिंटेंडेंट. एनएबीएच (दवाखान्यांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या दवाखान्यात गुणवत्ता विभाग असतो; ‘याचा इन्सिडेंट रिपोर्ट, म्हणजे घडल्या चुकीची नोंद, केला का?’ हा प्रश्न तिथे जातो आणि काम होतं. प्रत्येक वेळी पोच घ्या. पोच देत नसतील तर त्यांच्या अधिकृत ईमेलवर तेच पाठवा. वॉर्डातल्या डॉक्टरांशी बाचाबाची, मोडतोड यातलं काहीही झालं की मूळ तक्रार संपली आणि तुमच्यावरच गुन्हा.

फाइलची प्रत मागणं सर्वांत महत्त्वाचं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन परतू नका. अर्जात नावं घालून मागा: नर्सेस नोट्स, कूस बदलण्याचा तक्ता, औषधांचा चार्ट, इनटेक-आउटपुट (पोटात गेलेलं आणि लघवीवाटे गेलेलं यांचं माप), संमतीपत्रं, बांधून ठेवण्याचा आदेश. देखभालीची तक्रार याच पानांवर उभी राहते.

खाजगी दवाखान्याविरुद्ध कर्नाटकात खाजगी वैद्यकीय आस्थापना कायदा, २००७ आहे. त्याखाली जिल्हा नोंदणी आणि तक्रार निवारण प्राधिकरण काम करतं. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा आरोग्याधिकारी सदस्य सचिव. दर लावलेले नसणं, जादा बिल, पेशंटच्या हक्कांची पायमल्ली यासाठी इथे जावं. मराठीत अर्ज देण्याचा आग्रह रास्तच आहे, पण फाइल लवकर हलायची असेल तर सोबत कन्नड प्रत जोडावी. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवणं या कायद्याला मान्य नाही. एकट्या म्हाताऱ्याला कुणी वाली नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार बेंगळूरच्या कर्नाटक वैद्यकीय परिषदेकडे जाते. पोलिसांत जाऊन लगेच काही होत नाही, कारण जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवर फौजदारी कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायला सांगितलं आहे. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदनाची लेखी मागणी देह ताब्यात घेण्याआधी करावी. नंतर पुराव्याअभावी तक्रार लंगडी पडते.

भरपाईसाठी बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. दिलेलं बिल ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण इथेच, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पूर्ण मोफत सेवा देणारा सरकारी दवाखाना या कक्षेत येत नाही. तिथली तक्रार वैद्यकीय अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे, पोच घेऊन.